जातिवंत पिल्लू घेताना किंमत कशाची मोजावी?

घरात कुत्रे आणावयाचे ठरले, मुलांचा हट्ट मान्य झाला, गृहनिर्माण संस्थेच्या नियमांची चौकशी झाली आणि लॅब्रॅडॉर घ्यावा की पग, बीगल घ्यावा की जर्मन शेफर्ड, हा वादही एकदाचा मिटला, म्हणजे कुटुंबातील कर्त्या माणसाच्या तोंडून जो पहिला प्रश्न निघतो तो "केवढ्याला पडेल?" हा असतो. या प्रश्नात गैर काहीच नाही. महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या संसारात दहा-पंधरा हजारांचा फरक हा विचार करायला लावणाराच असतो आणि त्याविषयी मोकळेपणाने बोलण्यात कोणी संकोच बाळगू नये. परंतु एकाच शहरात, एकाच जातीचे, एकाच वयाचे पिल्लू एक विक्रेता आठ हजारांना देऊ करतो आणि दुसरा त्याचेच पस्तीस हजार सांगतो, तेव्हा निव्वळ आकडे शेजारी-शेजारी मांडून निर्णय करणारा ग्राहक बहुधा फसतो. कारण त्या आकड्यांच्या पोटात कोणकोणता खर्च आहे आणि कोणता खर्च टाळलेला आहे, याची फोड केल्याखेरीज त्यांची तुलनाच होऊ शकत नाही.

ती फोड प्रथम करून पाहू. जो पैदासकार, म्हणजे ज्याला आपण सर्रास ब्रीडर म्हणतो तो, आपले काम सचोटीने करतो, त्याचा खर्च पिल्ले जन्माला येण्याच्या पुष्कळ आधी सुरू झालेला असतो. मादी पूर्ण वाढेपर्यंत तिला दीड-दोन वर्षे पोसावी लागते. खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्यांची क्ष-किरण चित्रे काढून घ्यावी लागतात. डोळे, हृदय आणि जातीनुसार संभवणारे आनुवंशिक दोष तपासून घ्यावे लागतात. तपासलेला नर शोधून त्याच्या मालकाला मोबदला द्यावा लागतो. मग सुमारे त्रेसष्ट दिवसांचे गाभणपण, त्या काळातला आहार, व्यायच्या रात्रीची जागरणे आणि बुलडॉगसारख्या मोठ्या डोक्याच्या जातीत तर बहुतेक वेळा शस्त्रक्रिया. पिल्ले जन्मली की दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला जंताचे औषध, चौथ्या आठवड्यानंतर दिवसातून चार-चार वेळा खाणे, सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिली लस, कातडीखाली बसवायची मायक्रोचिप आणि नोंदणीचे शुल्क. यातले प्रत्येक कलम आठ-नऊ पिल्लांच्या संख्येने गुणले म्हणजे त्याचा दर चढा का असतो याचा उलगडा होतो.

आता स्वस्त पिल्लाकडे वळू. त्याची स्वस्ताई या यादीतील एकेक कलम गाळूनच साधलेली असते. मादी माजावर आली की दर खेपेला तिला गाभण करावयाचे, तपासणीच्या नावाने पै खर्च करावयाची नाही आणि पिल्ले तीस-पस्तीस दिवसांची होताच दूध तोडून ती विकून टाकावयाची, ही या धंद्याची रीत आहे. तीस-पस्तीस दिवसांचीच का, याचाही विचार वाचकांनी करावा. पाचव्या आठवड्यापर्यंत पिल्लांना आईचे दूध फुकट मिळत असते. त्यानंतर त्यांची भूक झपाट्याने वाढते, लसींची वेळ येऊन ठेपते आणि आईकडून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती ओसरू लागल्यामुळे ती आजारी पडण्याचा संभवही वाढतो. म्हणजे सर्वांत खर्चाचे आणि सर्वांत धोक्याचे जे आठवडे, तेच नेमके विक्रेत्याने आपल्या अंगावरून काढून ग्राहकाच्या अंगावर टाकलेले असतात. दरात जी सूट दिसते ती पुष्कळदा याच जोखमीची असते.

मात्र याचा अर्थ महाग पिल्लू ते निरोगी पिल्लू असा जर कोणी घेईल, तर तो दुसऱ्या खड्ड्यात पडेल. किंमत वाढविणाऱ्या गोष्टींपैकी पुष्कळशा गोष्टींचा आरोग्याशी काही संबंध नसतो आणि काहींचा तर उलटा संबंध असतो. 'हेवी बोन', 'पंच फेस', 'डबल कोट', 'शो क्वालिटी', 'चॅम्पियन लाइन' हे शब्द या बाजारात इतक्या सहजपणे फेकले जातात की नवखा ग्राहक त्यांनी दिपून जातो. 'हेवी बोन' म्हणून मिरविणारे लठ्ठ पिल्लू हे पुष्कळदा केवळ जास्त खाऊ घातलेले असते आणि मोठ्या जातीत वाढीच्या वयात वजन अवास्तव वाढविणे हे सांध्यांना घातकच ठरते. रंगाचेही तसेच. निळसर करड्या छटेच्या कुत्र्यांना दुर्मीळ म्हणून दुप्पट दर मागितला जातो. पण ज्या जनुकीय कारणाने रंग असा फिका पडतो, त्याच कारणाने काही जातींत पुढे केस गळण्याचा आणि कातडी सतत चिघळण्याचा विकार जडतो. अंगावर संगमरवरासारखे ठिपके असलेल्या, ज्यांना 'मर्ल' म्हणतात, अशा दोन कुत्र्यांचा संकर केला तर त्यांच्या काही पिल्लांना जन्मतःच बहिरेपण किंवा अंधत्व येऊ शकते. 'टीकप' म्हणून हातावर मावणारे जे पॉमेरेनियन विकले जाते, त्याच्या टाळूचे हाड पुरते जुळलेले नसणे आणि थोडा वेळ उपाशी राहिले तरी रक्तातील साखर उतरून ते गलितगात्र होणे, हे त्या लहान चणीचेच मोल असते. 'इम्पोर्ट' हा शब्द ऐकल्यावर तर कागद पाहिल्याशिवाय पुढे बोलूच नये. कारण व्यापारी पैदाशीसाठी परदेशातून कुत्री आणण्यावर केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने २०१६ मध्येच बंदी घातली आहे.

चपट्या नाकाच्या कुत्र्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते. २००३ च्या सुमारास हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलाच्या पाठोपाठ सर्वत्र जाणारा पग दिसू लागला आणि त्यानंतर शहरांतूनच नव्हे तर तालुक्याच्या गावांतूनही या जातीची मागणी एकदम वाढली. मागणी वाढली की पैदास वाढते आणि ती घाईने वाढली की निवड बाजूला पडते. चेहरा जितका सपाट तितका पग उत्तम, अशी समजूत रूढ झाली. वस्तुतः सपाट चेहऱ्याच्या कवटीत टाळूचा मऊ भाग, जीभ आणि श्वासमार्ग यांना पुरेशी जागाच उरत नाही आणि ते प्राणी आयुष्यभर धापा टाकीत जगतात. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. शरीरातील उष्णता तो मुख्यतः तोंड उघडून, धापा टाकूनच बाहेर टाकतो. ज्याचा श्वासमार्गच अरुंद, त्याने अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या वैशाखात जगावे कसे? तरीही पगच घ्यावयाचा असेल, तर एक साधी परीक्षा घरच्या घरी करता येते. पिल्लू शांत झोपलेले असताना त्याच्या समोर बसून नाकपुड्या पाहाव्यात. त्या स्वल्पविरामासारख्या मोकळ्या असतील आणि श्वासाचा आवाज येत नसेल तर ठीक. पण त्या नुसत्या उभ्या चिरेसारख्या मिटलेल्या असतील, प्रत्येक श्वासाला आत ओढल्या जात असतील आणि झोपेतही घोरणे ऐकू येत असेल, तर त्या पिल्लाचा चेहरा कितीही मोहक असो, ते घेऊ नये. मग आईला अंगणात पाच मिनिटे चालवून आणण्याची विनंती करावी. तेवढ्या चालण्याने जिची जीभ निळसर पडते, तिच्या पिल्लांकडून वेगळी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. अनेक विमान कंपन्या अशा कुत्र्यांना मालकक्षातून नेण्यास नकार देतात, हे बदलीची नोकरी असणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

आता कागदपत्रांकडे येऊ. आपल्याकडे वंशावळीची नोंद ठेवण्याचे काम प्रामुख्याने चेन्नई येथील केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था करते आणि 'विथ पेपर' म्हणून जो जादा दर आकारला जातो तो याच दाखल्याचा. या दाखल्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. अमुक पिल्लू अमुक नर-मादीपासून झाले, अशी ती नोंद असते. ते निरोगी आहे, असे त्यात कोठेही म्हटलेले नसते. म्हणून तो दाखला निरुपयोगी ठरतो असे मात्र नाही. उलट, ज्याला तो वाचता येतो त्याला तो फार काही सांगून जातो. तीन पिढ्यांची वंशावळ समोर असेल तर आई-बाप दोन, आजी-आजोबा चार आणि पणजी-पणजोबा आठ, अशी चौदा नावे मोजावीत. ती सर्व निरनिराळी असली पाहिजेत. बापाच्या बाजूला असलेलेच नाव आईच्या बाजूलाही आढळले, तर ती जवळच्या नात्यातील पैदास आहे हे निश्चित समजावे आणि ते नाव जितके अलीकडच्या पिढीत, तितके नाते निकट. सख्ख्या भावंडांच्या संकरातून झालेल्या पिल्लात आनुवंशिक एकरूपतेचे प्रमाण पंचवीस टक्के असते, सावत्र भावंडांच्या बाबतीत साडेबारा आणि चुलत-मावस भावंडांच्या बाबतीत सव्वासहा. हे प्रमाण जितके वाढते तितके सुप्त दोष उघड होण्याचा, वेतातील पिल्लांची संख्या घटण्याचा आणि रोगप्रतिकारशक्ती दुबळी होण्याचा संभव वाढतो. ज्या ब्रिटनमध्ये या वंशावळींची प्रथा रुजली, तेथेही या प्रश्नाने एकदा मोठी खळबळ माजविली होती. २००८ मध्ये बीबीसीने जातिवंत कुत्र्यांच्या व्याधींवर एक माहितीपट दाखविला. पुढील वर्षी तेथील केनेल क्लबने आई-मुलगा, बाप-मुलगी आणि सख्खी भावंडे यांच्या संकरातील पिल्लांची नोंदणी बंद केली आणि २०१० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ पॅट्रिक बेटसन यांच्या स्वतंत्र चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. आपल्याकडील ग्राहकाने निदान चौदा नावे वाचण्याचे कष्ट घ्यावेत, एवढी अपेक्षा जास्त नाही.

सुप्त दोष म्हणजे काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. लॅब्रॅडॉरमध्ये दृष्टिपटल हळूहळू झिजून अंधत्व आणणारा एक आनुवंशिक विकार आढळतो. ज्या नर-मादीत त्या दोषाची एकेकच प्रत असते, ती दोन्ही आयुष्यभर डोळस राहतात, प्रदर्शनात पारितोषिकेही मिळवितात. पण त्यांच्या संकरातून होणाऱ्या प्रत्येक पिल्लाला दोन्ही प्रती मिळून आंधळे होण्याचा संभव चारांत एक असतो. हे अंधत्व पिल्लू घेताना दिसत नाही. काही वर्षांनी, संध्याकाळच्या अंधुक उजेडात कुत्रे जिन्याच्या पायऱ्यांवर अडखळू लागते, तेव्हा लक्षात येते. रक्ताच्या थेंबावरून किंवा गालाच्या आतील बाजूस फिरविलेल्या कापसाच्या बोळ्यावरून हा दोष पैदाशीपूर्वीच ओळखता येतो. आई-बापांपैकी एक जरी या दोषापासून मुक्त असल्याचा अहवाल असला, तरी त्यांची पिल्ले या विकाराने आंधळी होणार नाहीत.

खुब्याच्या सांध्याचा विकार याहून गुंतागुंतीचा आहे आणि लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर अशा आपल्याकडे लोकप्रिय असलेल्या मोठ्या जातींना तो विशेष जडतो. मांडीच्या हाडाचा गोल माथा ज्या खोबणीत बसावयाचा ती उथळ राहते, सांधा सैल पडतो, हाडाला हाड घासते आणि ऐन उमेदीच्या वयात कुत्र्याला उठता-बसता वेदना होऊ लागतात. हा दोष अनेक जनुकांच्या मेळातून उद्भवतो आणि त्यात आहार, वजन, निसरड्या फरशीवरचे खेळणे यांचाही वाटा असतो. त्यामुळे आठ आठवड्यांच्या पिल्लाला नुसते पाहून किंवा हाताळून कोणताही पशुवैद्यक त्याविषयी हमी देऊ शकत नाही. पुरावा मिळू शकतो तो आई-बापांच्याच क्ष-किरण चित्रांतून. अमेरिकेत १९६६ पासून यासाठी एक स्वतंत्र संस्था काम करीत आहे आणि ती अंतिम श्रेणी कुत्रे दोन वर्षांचे झाल्यावरच देते; ब्रिटनमध्ये प्रत्येक खुब्याला शून्य ते त्रेपन्न असे गुण देतात आणि बेरीज जितकी कमी तितका सांधा उत्तम मानतात. आपल्याकडे अशी गुणपत्रिका दाखविणारे पैदासकार विरळा. तथापि परळ येथे १८८६ मध्ये स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, तसेच नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर येथील शासकीय महाविद्यालये आणि मोठ्या शहरांतील खासगी दवाखाने यांमुळे अशी चित्रे काढून घेणे अशक्य राहिलेले नाही. "आमच्या कुत्र्यांना असले काही होत नाही" हे उत्तर मिळाले, तर चित्र काढलेलेच नाही असा त्याचा अर्थ घ्यावा आणि त्या प्रमाणात दर खाली आणण्याची मागणी करावी किंवा सरळ परत फिरावे.

पिल्लू पाहावयास जाताना ते जेथे जन्मले तेथेच जावे. "तुम्ही कशाला त्रास घेता, स्टेशनवर पिल्लू आणून देतो" असे म्हणणाऱ्याला आई दाखवावयाची नसते. आई पाहणे हे निम्मी परीक्षा झाल्यासारखे आहे. ती अंगाने रोड असली तर हरकत नाही. सहा-सात पिल्लांना पाजणारी मादी खालावतेच. पण तिच्या अंगावर खरजेचे चट्टे, कानांत घाण, पोटाखाली गोचीड आणि नजरेत माणसाची धास्ती असेल, तर पिल्लांनी तिच्यापासून पहिले पाच-सात आठवडे काय घेतले असेल याची कल्पना करावी. जागेचा वास घ्यावा. ओल्या पोत्यावर, विष्ठेच्या दुर्गंधीत, निरनिराळ्या पाच जातींची पिल्ले एकत्र कोंबलेली दिसली, तर ती दुसरीकडून गोळा करून आणलेली असतात. तेथे दयाबुद्धीने एखादे उचलून आणण्याचा मोह अनावर होतो, पण त्या रिकाम्या झालेल्या जागी पुढच्या आठवड्यात दुसरे पिल्लू येते, हे विसरू नये.

भावंडांच्या घोळक्यात सर्वांत दांडगे आणि सर्वांत दबलेले, ही दोन्ही सोडून मधल्या स्वभावाचे पिल्लू निवडावे, हा जुना सल्ला आजही योग्यच आहे. मग ते हातात घ्यावे. ओठ वर करून हिरडी पाहावी. ती ओलसर गुलाबी असावी, बोटाने दाबताच पांढरी पडून लगेच पुन्हा रंगावर यावी. फिकट हिरडी म्हणजे बहुधा जंत, गोचीड किंवा पिसवा यांनी रक्त शोषले आहे. पोट ढोलासारखे फुगलेले आणि फासळ्या मात्र मोजता येतील अशा, हे तर जंतांचे उघड लक्षण. गोलकृमी आईच्या पोटात असतानाच पिल्लात शिरतात, म्हणून जंताचे औषध किती वेळा दिले हे तारखांनिशी विचारावे. बेंबीपाशी मऊ गाठ, डोळ्यांत चिपडे, कोरडा खोकला, शेपटीखाली चिकटलेली ओली विष्ठा यांकडे पाहावे. नर असेल तर आठ आठवड्यांपर्यंत दोन्ही अंड उतरलेले असावेत. शेवटी पिल्लू खाली ठेवून, त्याला ऐकू येते की नाही हे कळण्यासाठी त्याच्या मागे टाळी वाजवावी आणि चाल पाहण्यासाठी त्याला फरशीवर चालू द्यावे. हृदयातील दोष मात्र हाताला कळत नाही. त्यासाठी पशुवैद्यकाची नळीच हवी.

सर्वांत तातडीचा धोका आहे तो पार्व्हो विषाणूचा. हा रोग १९७८ च्या सुमारास जगापुढे आला आणि आजही लहान पिल्लांचा तो पहिल्या प्रतीचा वैरी आहे. संसर्गानंतर साधारणतः तीन-चार दिवसांपासून दोन आठवड्यांच्या आत तो प्रकट होतो: आदल्या दिवशी खेळणारे पिल्लू खाणे सोडते, कोपऱ्यात जाऊन पडते, वांत्या सुरू होतात आणि मग रक्तमिश्रित, विशिष्ट दुर्गंधी असलेली हगवण लागते. वेळीच सलाइन व उपचार मिळाले तर पुष्कळ पिल्ले वाचतात, पण त्यासाठी कित्येक दिवस दवाखान्यात ठेवावे लागते आणि तो खर्च स्वस्तात घेतलेल्या पिल्लाच्या किमतीला सहज ओलांडून जातो. या सुप्तावस्थेमुळेच विक्रेत्याला म्हणता येते, की "आमच्याकडे ठणठणीत होते, तुमच्याकडे आल्यावर आजारी पडले." हा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो आणि साध्या जंतुनाशकांना दाद देत नाही, म्हणून ज्यांच्या घरात अलीकडे पार्व्होने पिल्लू दगावले असेल, त्यांनी ब्लीचच्या पाण्याने सर्व जागा धुऊनही नवे पिल्लू लशींचा क्रम पुरा झाल्यावरच आणावे.

लसीकरणाच्या पुस्तिकेबाबत विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. पहिली मात्रा सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, पुढच्या मात्रा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने आणि शेवटची सोळाव्या आठवड्याच्या सुमारास, असा सर्वसाधारण क्रम आहे. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारद्रव्ये लसीलाच निष्प्रभ करतात आणि ती नेमकी केव्हा ओसरतील हे प्रत्येक पिल्लागणिक बदलते, म्हणून मात्रा पुनःपुन्हा द्याव्या लागतात. तेव्हा पस्तीस दिवसांच्या पिल्लाची "सगळी इंजेक्शने झाली" असे कोणी सांगत असेल, तर ते असत्य आहे. पुस्तिकेत लसीच्या कुपीवरचे, खेप क्रमांक असलेले लेबल चिकटविलेले आहे काय, तारीख पिल्लाच्या वयाशी जुळते काय आणि पशुवैद्यकाची सही, शिक्का व नोंदणी क्रमांक आहे काय, ही शहानिशा दोन मिनिटांत होते. शक्य तर त्या डॉक्टरांना दूरध्वनी करावा.

आता जमाखर्च मांडून पाहू. समजा, तपासलेल्या आई-बापांचे लॅब्रॅडॉरचे पिल्लू पंचवीस हजारांना आणि कशाचाच पत्ता नसलेले दहा हजारांना मिळत आहे. फरक पंधरा हजारांचा. लॅब्रॅडॉर साधारणतः दहा-बारा वर्षे जगतो. दहाच धरली, तरी तो फरक महिन्याला सव्वाशे रुपये इतकाच पडतो. खाणे, वार्षिक लसी, जंत-गोचिडांची औषधे हा खर्च दोन्ही पिल्लांना सारखाच येणार आणि तो दरवर्षी येणार. त्या तुलनेत सुरुवातीची किंमत ही संपूर्ण आयुष्याच्या खर्चातला लहानसाच भाग असते. खुबा निकामी झालेल्या कुत्र्याची शस्त्रक्रिया किंवा जन्मभराची वेदनाशामके हा खर्च या हिशेबात मी धरलेलाच नाही. ज्याला तो करावा लागतो त्याला सव्वाशे रुपयांची आठवण तीव्रतेने होते. म्हणूनच माझे मत असे की आई-बापांच्या तपासणीच्या अहवालासाठी मागितलेला जादा पैसा विनातक्रार द्यावा, वंशावळीच्या दाखल्यासाठी तो माफक द्यावा आणि रंगासाठी, लहान चणीसाठी किंवा आजोबाने मिळविलेल्या चषकासाठी एक छदामही देऊ नये.

व्यवहार लेखी असावा. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय तिच्याकडून पैदास करता येत नाही. वर्षातून एकापेक्षा अधिक आणि आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेता येत नाहीत. नोंदणी क्रमांक विचारणे हा आपला हक्क आहे आणि तो विचारताच ज्याची भाषा बदलते, त्याच्याशी पुढे बोलण्याचे कारण उरत नाही. इसार देण्यापूर्वी पावतीवर विक्रेत्याचे नाव-पत्ता, पिल्लाची जन्मतारीख, मायक्रोचिपचा क्रमांक आणि दोन शर्ती लिहून घ्याव्यात: तीन दिवसांच्या आत आपल्या पशुवैद्यकाच्या तपासणीत जन्मजात दोष आढळल्यास पिल्लू परत घेऊन रक्कम द्यावी आणि चौदा दिवसांच्या आत पार्व्हो किंवा डिस्टेंपर झाल्याचे सिद्ध झाल्यास उपचाराचा खर्च सोसावा. चौदा दिवस यासाठी, की पार्व्होची सुप्तावस्था तेवढी असू शकते. "तीन दिवसांची गॅरंटी" ही त्या दृष्टीने जवळजवळ निरर्थक आहे. रक्कम रोखीने न देता बँकेमार्फत द्यावी. ग्राहक आयोगापुढे जाण्याची वेळ आलीच, तर हेच कागद आपली बाजू मांडतील.

एवढे सर्व करूनही तपासलेल्या पिल्लाची किंमत आवाक्याबाहेर राहिली, तर जातीचा आग्रह ठेवून दर कमी करण्यापेक्षा जातच बदलावी किंवा थांबावे. काही पैदासकार चार-पाच वर्षांची, वेतांतून निवृत्त केलेली मादी चांगले घर पाहून अल्प मोबदल्यात देतात. तिचे सांधे, डोळे, स्वभाव सारे एव्हाना उघड झालेले असते. ज्यांच्याकडे शेत किंवा मोठे आवार आहे आणि रोज कुत्र्याला धावविण्याची तयारी आहे, त्यांनी घोरपडे घराण्याच्या संस्थानात नावारूपाला आलेल्या मुधोळ हाउंडचा विचार करावा. २००५ मध्ये टपाल खात्याने ज्या चार भारतीय जातींवर तिकिटे काढली त्यांपैकी ही एक, आणि मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्रही आहे. सदनिकेत राहणाऱ्यांना तो सल्ला मी देणार नाही; त्यांच्यासाठी प्राणिकल्याण संस्थांकडील लसीकरण झालेले देशी पिल्लू अधिक सोयीचे ठरेल. आपल्या हवेला ते पिढ्यान्‌पिढ्या सरावलेले असते.

आणि एक शेवटची विनंती. बहुतेक माणसे पिल्लू घेतल्यावर पशुवैद्यकाकडे जातात. आपण घेण्यापूर्वी जावे. जातीचे नाव, घराची जागा, गावचे हवामान आणि हाती असलेली रक्कम त्यांना सांगावी, कोणत्या तपासण्यांचे अहवाल मागावयाचे ते लिहून घ्यावे आणि तो कागद खिशात ठेवूनच विक्रेत्याच्या दारात पाऊल टाकावे.